बोलावणे कोणाचे?

आज महाराष्ट्र दिन, आणि कामगार दिनही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आज सुट्टी आहे. एरवी शिफ्ट सुटताना गरवारे पॉइंटकडे दुचाकींची जी रीघ लागते, ती आज नाही. अशा निवांत सकाळी आम्ही वसाहतीला लागून असलेल्या एका कामगाराच्या घरी गेलो होतो. पलंगावर बॅग उघडी होती आणि शेजारी, शेजाऱ्यांकडून मागून आणलेला स्प्रिंगचा वजनकाटा. खुरासणीची चटणी, नागलीचे पापड, मेतकुटाचा डबा आई एकेक करून आत ठेवत होती आणि लेक तितक्याच निमूटपणे एकेक वस्तू बाहेर काढत होती. निघायला अजून महिना आहे, पण आईने तालीम म्हणून बॅग भरून पाहायला घेतली होती.

मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा संपली की सहा आठवडे केनियात, एका शाळेत स्वयंसेवक म्हणून जाणार आहे. तिकीट, व्हिसा, विमा आणि पाठवणाऱ्या संस्थेची फी धरून खर्च लाखाच्या पुढे जातो. त्यातला मोठा वाटा वडिलांनी कामगार पतसंस्थेतून उचलला आहे. वडील मोटरच्या वाइंडिंग खात्यात आहेत, सव्वीस वर्षे. त्यांनी पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. लेकीला एकच प्रश्न विचारला : "तिथल्या लोकांनी बोलावलंय का तुला?"

हा प्रश्न नाशिककराच्या तोंडी अगदी साहजिक आहे. वणीच्या गडावर जायचे तर आईचे बोलावणे यावे लागते, असे आपल्याकडे म्हणतात. आपण ठरवले म्हणून जाणे होत नाही. संयुक्त राष्ट्रांनी यंदाचे २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी सेवेला निघणाऱ्या मुलामुलींची संख्या महाविद्यालयांत वाढताना आम्ही पाहतो आहोत. त्यांचे कौतुक आम्हाला मनापासून आहे. पण वाइंडिंग खात्यातल्या त्या बापाचा प्रश्न त्यांच्यातल्या प्रत्येकाने बॅगेत सगळ्यांत वर ठेवावा, असे आम्हाला वाटते.

महाराष्ट्रातून असे बोलावणे ऐकून गेलेला सर्वांत थोर तरुण सोलापूरचा. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले, पुढच्या पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीत असलेले, वय २७. जपानने चीनवर आक्रमण केले होते. चिनी सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, लोकांनी पैसे दिले, आणि पाच डॉक्टरांचे पथक उभे राहिले. अलाहाबादचे डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि महाराष्ट्राचे दोघे : नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर आणि सोलापूरचे तरुण डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने ते मुंबईहून निघाले.

यात आम्हाला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी तिकडून पत्र आले. त्या पत्रात काय हवे ते स्पष्ट होते : शल्यविशारद, औषधे, उपकरणे. मग इकडून तीच माणसे गेली, ज्यांच्या हातात ती विद्या होती. कोटणीसांच्या भगिनींनी पुढे सांगितले आहे की चीनविषयी घरात माहिती म्हणाल तर एवढीच, की तिकडचे लोक रेशमी कापड विकायला येतात. वडिलांनी उत्तेजन दिले, मुलगा इतका लांब चालला म्हणून आई कष्टी झाली. अंबडच्या घरातली आजची तालीम आणि सोलापूरच्या घरातली ती निरोपाची घडी यांत आम्हाला फारसे अंतर दिसत नाही.

फरक पुढे पडतो. पथक काही काळासाठी गेले होते. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. वडील गेल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली, तरी ते परत फिरले नाहीत. ते चिनी शिकले, बोलायला आणि लिहायलाही. पाचही डॉक्टरांनी आपल्या नावाला 'हुआ' म्हणजे चीन हा शब्द जोडून चिनी नावे घेतली होती. कोटणीस तिथे 'के दिहुआ' झाले. आघाडीवर सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची त्यांची आठवण चीनमध्ये आजही सांगतात. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १९३९ मध्ये गेले. त्यांच्या नावाने निघालेल्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. त्याच वर्षी त्यांनी तिथल्या परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय ३२. नंतरच्या काळात कुओबाई सोलापूरला सासरी येऊन गेल्या.

सहा आठवड्यांच्या स्वयंसेवेला कोटणीसांच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल आणि आम्ही तसे मोजत नाही. पण त्यांच्यापासून दोन गोष्टी घेता येतात आणि त्या सहा आठवड्यांतही मावतात. जिथे जायचे तिथली भाषा, आणि तिथे लागणारी विद्या.

आधी भाषेचे पाहू. अंबडची आमची ही मुलगी फोनवर स्वाहिली शिकते आहे. चहाला चाय, पोळीला चपाती, गाडीला गारी, पुस्तकाला किताबू, आंब्याला एम्बे. हिंदी महासागरावरून शतकानुशतके गलबते ये-जा करत होती, त्यांनी नेलेले-आणलेले शब्द आज एका कामगार वसाहतीतल्या ओट्यावर पुन्हा भेटतात, हे पाहून आम्हाला भरून आले. केनियात इंग्रजी चालते, तिला ते माहीत आहे. तरी ती शिकते. आपली भाषा बोलायचा प्रयत्न करणाऱ्या पाहुण्यापुढे माणूस लवकर मोकळा होतो.

विद्येचा प्रश्न अवघड आहे. परदेशी स्वयंसेवेची जी पॅकेजे तरुणांना विकली जातात, त्यांतली कितीतरी 'मुलांसोबत वेळ घालवा' एवढ्यावरच थांबतात. तिथे जरा थबकावे. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर परदेशी स्वयंसेवकांनी अनाथालयांत जाऊ नये, असे युनिसेफनेच सांगितले होते. तिथल्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. दलाल गावोगाव फिरून मुले आणत आणि पैसे घेऊन येणाऱ्या सहृदय पाहुण्यांसमोर त्यांना उभे करत. पाहुण्याचा हेतू शुद्धच असे. पण दर सहा आठवड्यांनी नवी ताई यायची, लळा लावायची आणि निघून जायची, आणि ते पोर पुन्हा तिथेच. ज्या मुलाच्या वाट्याला असे दहा निरोप आले, त्याच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार फी भरण्याआधी व्हायला हवा.

चांगल्या मनाने केलेले कामही नकोसे होऊ शकते, हे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेच्या चळवळीच्या जन्मकथेतच आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर १९२० मध्ये स्वित्झर्लंडचा अभियंता पिएर सेरेसोल काही सोबत्यांना घेऊन फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एस्न या उद्ध्वस्त गावात घरे उभारायला गेला. सोबत्यांत जर्मन होते. त्यांनी रस्ते केले, झोपड्या बांधल्या, शेते साफ केली. पण जर्मनांच्या हातचे काम गावाच्या पचनी पडेना आणि काही महिन्यांत शिबिर गुंडाळावे लागले. सेरेसोल खचला नाही. १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारमध्ये आला तेव्हा गावकऱ्यांसोबत राहून त्याने गाव बांधले. त्यानेच काढलेल्या स्वयंसेवी संस्थेचे निरनिराळ्या देशांतले तरुण पुढे १९५० च्या दशकात वरोऱ्याला बाबा आमटेंच्या आनंदवनात येऊन राहिले आणि बांधकामाला हात लावला. तेव्हा कुष्ठरोग्याच्या जवळ उभे राहायला गावातली माणसे तयार नव्हती. ते तरुण विटा वाहत होते. आनंदवनाला नेमके हेच हवे होते.

आणि आपल्या अगदी शेजारचा एक दाखला. महामार्गाच्या कडेच्या टेकडीवरची पांडवलेणी अंबडकरांच्या रोजच्या नजरेतली. तिथले १७ क्रमांकाचे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने खोदवले. उत्तरेकडून, दत्तामित्री नावाच्या नगरातून आलेला हा परका माणूस. त्याने भिक्षुसंघाला काय दिले? राहायला लेणे आणि पाण्याची टाकी. लेण्यावर लेख कोरवला तो इथल्या प्राकृतात, आणि दान केले आईवडिलांच्या नावे. संघाला पावसाळ्यात निवारा लागत होता आणि उन्हाळ्यात पाणी. दोन्ही त्याने कातळात कोरून ठेवले.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो, कारण उत्साहात त्याच राहून जातात. पर्यटनाच्या व्हिसावर स्वयंसेवा, ती विनामोबदला असली तरी, अनेक देशांत चालत नाही. तेव्हा कोणता परवाना लागतो, हे संस्थेला नव्हे, त्या देशाच्या दूतावासाला विचारावे. केनियासारख्या देशात जायचे तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. लस एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो. फीमधला किती पैसा त्या शाळेला मिळणार, हे लेखी मागावे. लेखी द्यायला जो कचरतो त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

इथेच एवढे काम पडलेले असताना परदेशी कशाला, असेही काही वाचक विचारतील. काम आहेच. येत्या ३१ ऑक्टोबरला सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे, आणि पुढचे वर्षभर नाशिकला हजारो हात लागतील. बाबा आमटेंच्या सोमनाथ प्रकल्पावर १९६७ पासून मे महिन्याच्या उन्हात श्रमसंस्कार छावणी भरते. पण आपल्या गल्लीतले काम आणि परक्या गावातले काम यांचे भांडण लावणे आम्हाला पटत नाही. केनियातल्या शाळेत सहा आठवडे राबून आलेली मुलगी गोदाघाटावर जास्त शहाणपणाने उभी राहील, असा आमचा विश्वास आहे.

अंबडच्या त्या घरातला प्रश्न तसाच राहिला नाही. मुलीने बापाचा प्रश्न मनावर घेतला आणि थेट त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिले : मी येते आहे, तुम्हाला माझ्याकडून काय हवे? आठ दिवसांनी उत्तर आले. इंग्रजी शिकवायला त्यांच्याकडे शिक्षक आहेत. पण विंधन विहिरीची पाणबुडी मोटर वरचेवर जळते, दुरुस्तीला लांबच्या शहरात न्यावी लागते, आणि तोवर मुली डोक्यावरून पाणी आणतात. मोटरीतले काही येते का तुला?

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या घराच्या ओट्यावर वडिलांनी भंगारातून आणलेली एक जुनी मोटर उघडून ठेवलेली असते. लेक जळकी तार काढते, स्लॉट घासून साफ करते, इन्सुलेशनचा कागद बसवते आणि नवी कॉइल भरते. बाप शेजारी बसून टर्न मोजतो. परवा इन्सुलेशन तपासायला मेगर लावला तर हवे ते रीडिंग आले नाही. पूर्ण कॉइल उसवून दोघे पुन्हा पहिल्या टर्नपासून बसले. बॅगेतून नागलीचे पापड आता कायमचे बाहेर आले आहेत. त्या जागी मल्टिमीटर, पक्कड आणि कागदाची गुंडाळी. चटणीचा डबा मात्र आईने परत आत ठेवला आहे.