दाखला गावाजवळ द्या
कुबडी आधी आत सरकवायची, मग दांडा धरून एसटीची उंच पायरी चढायची. वाटूरच्या दिव्यांगाला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जालना गाठायचे तर ही कसरत. शिवाय सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या खऱ्या, पण किमान ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्याशिवाय ते दार उघडत नाही. संजय गांधी निराधार योजनेचेही तेच.

दाखल्याइतकाच निधीचाही प्रश्न आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ही रक्कम खिरापतीसारखी वाटू नये. त्यातून कुणाला शिलाई यंत्र, कुणाला वाटूर फाट्यावर टपरी मिळाली तर घर उभे राहते. येत्या ग्रामसभेत दिव्यांगांची यादी मोठ्याने वाचा आणि दाखल्यांचे शिबिर तालुक्याच्या गावी, परतूरलाच मागा.