ट्रॅक्टर कुणाच्या मापाचा?



गावात नवा ट्रॅक्टर आला की मारुतीच्या पारासमोर नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, पोरे बॉनेटवर चढून बसतात. चार दिवस गावात एकच चर्चा असते: किती एचपीचा? ट्रॅक्टर कोणत्या जमिनीत चालायचा, वर्षाला किती तास चालायचा, टायर कोणते आणि हप्ता कोणत्या पिकातून फेडायचा, हे कुणी विचारत नाही. हे प्रश्न पुढे तीन वर्षांनी बँकेचा माणूस विचारतो. तोवर सातबाऱ्यावर बोजा चढलेला असतो आणि ट्रॅक्टरचे मागचे टायर गुळगुळीत झालेले असतात.

हे लिहिताना आम्हाला दोन आघाड्यांवर भांडायचे आहे. एक आघाडी शहरातल्या शहाण्यांची. त्यांचे म्हणणे असे की, शेतकरी ऐटीसाठी ट्रॅक्टर घेतो आणि मग कर्जमाफी मागतो. दुसरी आघाडी शोरूमवाल्यांची. त्यांच्या मते जितका मोठा ट्रॅक्टर तितका मोठा शेतकरी. दोघेही आमच्या शेतात कधी उतरलेले नाहीत. तरी आमच्या वतीने निर्णय मात्र दोघांनाही घ्यायचा आहे!

शहाण्यांना उत्तर

शहाणे म्हणतात, महाराष्ट्रात सरासरी वहिवाट किती, तर २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे १.३४ हेक्टर. म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. एवढ्याशा जमिनीला घरचा ट्रॅक्टर कशाला? भाड्याने आणा, अवजार बँकेतून आणा.

ऐकायला हे छान वाटते. पण भाड्याचा ट्रॅक्टर हवा असतो केव्हा? मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की. वाफसा एकट्या आपल्या शेताला येत नाही, सगळ्या शिवाराला एकाच दिवशी येतो. त्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याच्या दारात वीस जण उभे असतात आणि नंबर लागतो तो मोठ्या रानवाल्याचा. लहान शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत वरचा ओलावा उडालेला असतो, नाहीतर दुसरा पाऊस येऊन चिखल झालेला असतो. पेरणी आठ दिवस लांबली तर उत्पन्नात काय घट येते, ते कापूस-सोयाबीनवाल्याला सांगावे लागत नाही. नांगरट भाड्याने चालते, मळणीही चालते, कारण तिथे चार दिवस मागेपुढे झाले तरी भागते. पेरणी, कोळपणी आणि फवारणी दुसऱ्याच्या वेळापत्रकावर होत नाहीत. बैलजोडी सांभाळणे आता सोपे राहिलेले नाही आणि गडी मिळत नाही. अशा वेळी घरचा ट्रॅक्टर ही ऐट नाही, वेळ साधण्याची किंमत आहे.

आणि केबिनचे काय? एसी केबिनचा ट्रॅक्टर दिसला की शहाण्यांच्या पोटात दुखते. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात, धुळीत, तापलेल्या इंजिनामागे दहा-दहा तास बसणाऱ्या माणसाने गार हवा मागितली तर ती चैन. आणि फाइलवर सही करणाऱ्याच्या डोक्यावर एसी फिरतो ती कामाची गरज? उघड्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो. कारखान्यातल्या कामगाराला आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुरक्षित मानतात. शेतकऱ्याचे कान काय पत्र्याचे आहेत? चाळिशीतच ज्यांना ऐकू कमी येते, ज्यांच्या मणक्याचे मणके दुखतात, असे ट्रॅक्टरवाले प्रत्येक गावात आहेत. तेव्हा केबिन मागण्याचा आमचा हक्क आहे, हे आधी ठासून सांगतो. परवडते की नाही, हा हिशेब आमचा आम्ही करू.

आता घरचा हिशेब

हिशेब मात्र करायचाच. समजा ट्रॅक्टर ८ लाखांचा आणि तो १० वर्षे चालवायचा. वर्षाला ८० हजार झीज. सरासरी निम्मी रक्कम अंगावर धरली आणि व्याज १० टक्के धरले तर आणखी ४० हजार. झाले १ लाख २० हजार. वर्षाला १,००० तास काम असेल तर तासाला १२० रुपये पडतात. ३०० तासच असेल तर तासाला ४०० रुपये. यात अजून डिझेल नाही, ऑइल नाही, चालकाची मजुरी नाही, टायर नाहीत.

केबिनसाठी वर ३ लाख मोजले तर याच रीतीने वर्षाला ४५ हजार होतात. १,००० तासांवर तासाला ४५ रुपये, ३०० तासांवर दीडशे. म्हणजे जो ट्रॅक्टर वर्षभर भाड्याने नांगरट करतो त्याला केबिन परवडेल. घरच्या दहा-बारा एकरांवर ज्याला ३०० तास भरवतानाही नाकी नऊ येतात, त्याने हे तीन लाख विहिरीवर, ठिबकवर घालावेत की केबिनवर, ते कागद-पेन्सिल घेऊन बसून ठरवावे. शेजाऱ्याकडे बघून ठरवू नये.

आणि केबिन सगळीकडे चालतही नाही. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. मांडवाखाली, नऊ फुटांच्या ओळीत जायला बुटका, अरुंद, वीस-पंचवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टरच लागतो. केबिनचा ट्रॅक्टर तिथे पहिल्याच तारेला अडकेल. कोकणातल्या भाताच्या खाचरांत तर छोटा ट्रॅक्टरही वळत नाही. तिथे पॉवर टिलरच खरा.

आणखी एक फसगत लक्षात ठेवा. केबिन आहे म्हणजे फवारणीचे विष आत येत नाही, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. साधी जाळी धूळ अडवते. औषधाची वाफ अडवायला सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो आणि तो वेळच्या वेळी बदलावा लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आम्ही विसरलेलो नाही. ते पाठीवरचे पंप होते. पण धडा एकच. विषापासून संरक्षण विकत घेत असाल तर ते खरोखर संरक्षण आहे का, ते विचारून घ्या.

केबिनपेक्षा आधी हवी ती उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी चौकट आणि तिच्यासोबत सीटचा पट्टा. पत्र्याचा टप म्हणजे चौकट नव्हे; टप उन्हापासून वाचवतो, ट्रॅक्टर अंगावर आला तर तो चेपतो. बांधावरून, चारीच्या काठावरून ट्रॅक्टर उलटून घरचा कर्ता गेला, अशी घरे आम्हा सगळ्यांना माहीत आहेत. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची केली आणि तिथले उलटून मरणाऱ्यांचे प्रमाण खाली आले. आमच्या इथे शोरूममध्ये म्युझिक सिस्टिम फुकट मिळते. चौकटीबद्दल विचारले तर विक्रेता मालकाच्या तोंडाकडे बघतो.

एचपी आणि टायर: शोरूममध्ये न सांगितलेली गोष्ट

बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर, ब्लोअर, मळणीयंत्र फिरते ते पीटीओवर. तिथपर्यंत पोचताना दहा-पंधरा टक्के ताकद वाटेतच जिरते. ४५ एचपी म्हणून आणलेला ट्रॅक्टर पीटीओला ३८-४० देतो. सात फुटी रोटाव्हेटर ओढताना तो काळा धूर का ओकतो, त्याचे कारण हे. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. पीटीओची ताकद, डिझेलचा खप, ओढण्याचा जोर, आवाज, हादरे हे सगळे मोजून ती अहवाल देते. आमच्याच कराच्या पैशातून झालेली ही तपासणी. पण शोरूममध्ये तो अहवाल मराठीत टेबलावर ठेवलेला आपल्यापैकी किती जणांनी पाहिला?

टायरचेही तसेच. १३.६-२८ म्हणजे रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. काळ्या, चिकण रानात रुंद टायर हवा, हवा थोडी कमी हवी, म्हणजे वजन पसरते आणि जमीन दबत नाही. पण तोच रुंद टायर कपाशीच्या ओळीत कोळपणीला घातला तर झाडे तुडवतो. मुरमाड, दगडगोट्याच्या रानात टायर कापला जातो. आणि ऊस वाहतुकीला जाणारा ट्रॅक्टर? खोल दातांचा शेतातला टायर डांबरी रस्त्यावर खवीस लागल्यासारखा झिजतो. दोन ट्रॉल्या जोडून एका हंगामात जे कमावले, त्यातले किती टायरवाल्याच्या दुकानात गेले, ते मोजा. रस्त्यावर हवा जास्त, रानात कमी, हे साधे पथ्य पाळले तरी टायर जास्त टिकतो. नांगरटीला टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवले तर चाक घसरत नाही. पण तेच पाणी हलक्या कामालाही वर्षभर वाहून नेले तर डिझेल जळते आणि जमिनीखाली कडक थर तयार होतो. मग मुळे खाली जात नाहीत, पाऊस मुरत नाही, आणि तो थर फोडायला पुन्हा मोठाच ट्रॅक्टर लागतो. असा हा चरक आहे.

तरीही शोरूममध्ये टायर निवडण्याची मुभा किती जणांना मिळाली? जो गाडीला आला तो घ्या. पायातली चप्पल घेताना आपण माप बघतो; आठ लाखांच्या ट्रॅक्टरला मात्र कंपनी देईल तो जोडा.

कर आणि किल्ली

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा ट्रॅक्टरवर १२ टक्के आणि मागच्या टायरवर १८ टक्के कर बसला. व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेला कर वळता करून मिळतो. शेतकऱ्याला तो कुठूनच वळता होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे दोन्ही दर ५ टक्क्यांवर आले. ८ लाखांच्या मूळ किमतीवर पूर्वी ९६ हजार कर होता, तो ४० हजार झाला. ५६ हजारांचा फरक. चांगले झाले, पण ज्यांनी आठ वर्षे जास्तीचा कर भरला, त्यांना कुणी कर्जमाफीवाला म्हणू नये. ती माफी त्यांनी सरकारला दिली होती!

नवे दुखणे आहे ते किल्लीचे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. इंजिनात संगणक आला. हवा स्वच्छ राहावी, हे आम्हालाही मान्य. तो धूर आधी आमच्याच नाकात जातो. पण आमच्यातल्या एकाचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत लाल दिवा लागून बसला. गावातल्या मिस्त्रीने हात टेकले. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन बाराव्या दिवशी आला, एक वायर बदलली आणि गेला. वायरीची किंमत किरकोळ होती. बारा दिवसांच्या वाफशाची किंमत कोण भरणार?

हा प्रश्न आमचा एकट्यांचा नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतकऱ्याला आपले यंत्र आपण दुरुस्त करण्याचा हक्क कायद्याने दिला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने याच मुद्द्यावर जॉन डिअर कंपनीविरुद्ध खटला भरला. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या यादीत शेती अवजारे होती. समितीच्या कागदावरचा हक्क आमच्या मिस्त्रीच्या हातात पोचला पाहिजे. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचे कुलूप कंपनीकडे आणि हप्ता आमच्याकडे, हा कुठला न्याय?

मागण्या

येत्या जिल्हा मेळाव्यात या मागण्या मांडाव्यात, असे आमचे म्हणणे आहे.

१. प्रत्येक ट्रॅक्टरवर इंजिनाच्या एचपीशेजारी पीटीओचा एचपी तितक्याच मोठ्या अक्षरात लिहावा.

२. सरकारी तपासणीचा अहवाल मराठीत शोरूममध्ये ठेवावा आणि मागेल त्याला द्यावा.

३. उलटण्यापासून वाचवणारी चौकट व पट्टा मूळ किमतीतच मिळावा.

४. खरेदीच्या वेळी जमीन व पिकाप्रमाणे टायर निवडण्याची मुभा असावी.

५. सुट्या भागांच्या किमतींचा फलक लावावा. बिघाड ओळखण्याचे साधन व माहिती गावच्या मिस्त्रीला मिळावी.

मागण्या सरकारकडे आणि कंपन्यांकडे. एक काम मात्र आपले. मेळाव्याला येताना ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी गेल्या वर्षाचे तास, डिझेल, टायर आणि दुरुस्तीचा खर्च वहीत लिहून आणावा. कोणत्या कंपनीचा चांगला, या वादात रात्र घालवण्यापेक्षा शंभर वह्या एकमेकींशेजारी ठेवून बघू. कोणत्या रानात कोणता ट्रॅक्टर तासाला किती रुपयांत पडतो, हे एकदा आपल्या हाती आले की विक्रेता आपल्याला शिकवणार नाही, आपण त्याला विचारू.

आणि वह्यांतून शेवटी एकच गोष्ट पुढे आली, की ट्रॅक्टर लहान घेतला, टायर जपले, डिझेल वाचवले, तरी मालाच्या भावात हप्ता निघत नाही, तर मग दोष ट्रॅक्टरचाही नाही आणि आपल्या हौसेचाही नाही. तो भावाचा आहे. तो हिशेब घेऊन कुणाच्या दारात जायचे, ते आपल्याला चांगले माहीत आहे.