मधला रकाना



आपण इथे नेहमी वाड्यांच्या, गणपतीतल्या मेळ्यांच्या, आजीच्या हातच्या पदार्थांच्या आठवणी लिहितो. आज मी जरा लांब, पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर जाणार आहे. कारण सांगतो. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही हे काम चालू असेल. माहितीसाठी जो फॉर्म आला आहे, त्यात दोनच रकाने आहेत, मुलगे आणि मुली. मुलींच्या रकान्यात ‘विवाह कोठे’ एवढं लिहिलं की पुढची रेघ बंद. याबद्दल मला एक मत मांडायचं आहे, आणि ते समजावून सांगायला हवाईतल्या एका बाईंची गोष्ट फार उपयोगी पडते.

त्यांचं नाव हिनालेइमोआना वाँग-कालू. सगळे त्यांना कुमू हिना म्हणतात. कुमू म्हणजे शिक्षक, गुरू. नावातलं हिनालेइमोआना हवाईयन, वाँग चिनी, आणि कालू लग्नानंतरचं, टोंगा देशातलं. एका नावात तीन मुलूख! त्यांच्यावर २०१४ साली एक माहितीपट आला. नातीनं तो मला लावून दिला आणि मग मी त्या बेटांचा इतिहास वाचत बसलो. निवृत्त माणसाला वेळ असतोच.

हिनाबाईंचा जन्म १९७२ साली ओआहू बेटावर झाला. नोंद मुलगा म्हणून झाली. मोठ्या झाल्यावर त्या बाई म्हणून जगू लागल्या. स्वतःसाठी त्या ‘माहू’ हा जुना हवाईयन शब्द वापरतात. माहू म्हणजे बाई आणि पुरुष यांच्या मधला माणूस. आणि वंशानं त्या हवाईयन आणि चिनी. म्हणजे दोन्ही बाजूंनी मधल्याच.

चिनी नाव तिथे कसं पोचलं, हा इतिहास आपल्यासारख्या गाव सोडून आलेल्या घराण्यांना ओळखीचा वाटेल. १८५२ साली उसाच्या मळ्यांवर राबायला चिनी मजुरांची पहिली करारबद्ध तुकडी हवाईत उतरली. पाच वर्षांचा करार, महिना तीन डॉलर. मजूर बहुतेक एकटे आलेले पुरुष. करार संपल्यावर पुष्कळांनी मळे सोडले, भातशेती केली, दुकानं टाकली, आणि अनेकांनी हवाईयन बायकांशी संसार थाटले. दक्षिण चीनमध्ये हाक मारताना नावाआधी ‘आ’ लावतात, जसं आपण नावामागे ‘राव’ लावतो. तो ‘आ’ हवाईत नावालाच चिकटला आणि आकानासारखी आडनावं तयार झाली. ती धड चिनी नाहीत, धड हवाईयन नाहीत, पण आज पक्की तिथली आहेत.

त्याच काळात मूळ हवाईयन माणूस मात्र झिजत चालला होता. १७७८ मध्ये कॅप्टन कुक तिथे पोचला, आणि त्यानंतर बाहेरून आलेल्या रोगांनी गावंच्या गावं ओस पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिश्र वंशाचे धरूनही हवाईयन लोक चाळीस हजारांच्या आसपास उरले. १८९३ साली राणी लिलिउओकलानी यांना गादीवरून उतरवलं, १८९६ च्या कायद्यानं शाळांतून हवाईयन भाषा गेली, १८९८ साली बेटंच अमेरिकेनं घेतली. जे काही टिकलं ते घराघरांतून टिकलं, आणि त्यात मिश्र घरंही होती.

आणि मग आला टक्क्यांचा हिशेब. १९२१ साली अमेरिकी काँग्रेसनं मूळ हवाईयन लोकांना जमीन देण्याचा कायदा केला. ९९ वर्षांचा करार, वर्षाला एक डॉलर भाडं. पण पात्र कोण? ज्याच्या अंगात निदान ५० टक्के हवाईयन रक्त आहे तो. आता एक आजी हवाईयन आणि बाकी तिघं आजी-आजोबा चिनी असतील तर नातू २५ टक्के. त्याला भाषा येते, पूर्वजांची नावं तोंडपाठ आहेत, तरी स्वतःच्या नावानं अर्ज केला तर अपात्र! मी ३४ वर्षं बँकेत टक्केवारी काढत आलो. व्याज टक्क्यांत निघतं, मार्जिन टक्क्यांत निघतं. माणूस टक्क्यांत काढायला लागलं की प्रत्येक बाहेरच्या लग्नागणिक शिल्लक कमीच होत जाते, हे कळायला कॉमर्सची पदवी लागत नाही.

हवाईयन लोकांची स्वतःची रीत वेगळी. तिथे वंशावळ मुखोद्गत असते, मंत्रासारखी म्हटली जाते. अमुक पूर्वजाचा मी वंशज, एवढं सांगता आलं की नातं लागलं. तू अर्धा की पाव, हा प्रश्न बाहेरून आला.

आपण बडोद्याची माणसं या प्रश्नाला चांगले ओळखतो. पुण्याच्या लग्नात दोन वाक्यं बोललो की कुणीतरी हसून म्हणतं, ‘तुमचं मराठी जरा गुजराती वळणाचं.’ इकडे शेजारी चार पिढ्यांनंतरही ‘तमे मराठी लोको’ म्हणतात. आपल्या घरांत गुजराती सुना आहेत, जावई आहेत. त्यांच्या मुलांना कुणी ‘पन्नास टक्के मराठी’ म्हटलं तर आपल्याला ते खपेल का? नाही ना? मग हीच तलवार आपण दुसऱ्या एका जागी बिनदिक्कत चालवतो, तिकडे वळू या.

माहू लोकांना जुन्या हवाईत मान होता. हुला नृत्य, मंत्र, उपचार यांचं ज्ञान सांभाळणाऱ्यांत ते असत. १८२० पासून ख्रिस्ती मिशनरी आले, त्यांनी हुलालाही नावं ठेवली आणि माहूंनाही. हळूहळू तो शब्द शिवी झाला. १९६० च्या दशकात होनोलुलूच्या चायनाटाउन भागात एक नाचगाण्याचा क्लब होता. तिथल्या स्त्रीवेषातल्या कलावंतांना पोलिसांच्या भीतीनं कपड्यावर बिल्ला लावावा लागे, ‘मी मुलगा आहे’. म्हणजे ज्या बेटांवर या माणसांसाठी आदराचा शब्द होता, तिथेच त्यांना अंगावर लेबल लावून फिरावं लागलं.

हिनाबाईंनी त्या शब्दावरची धूळ झटकली. त्या होनोलुलूच्या एका शाळेत हवाईयन संस्कृती शिकवत. माहितीपटात सहावीतली एक मुलगी आहे, तिला मुलांच्या हुला पथकात नाचायचं आहे. बाई तिला पथकात तर घेतातच, पण तयारी बघून पुढे उभं करतात. मोठमोठी मुलं तिच्या मागे! ओआहू बेटावर पूर्वजांच्या अस्थी आणि दफनस्थळांची काळजी घेणारी जी परिषद आहे, तिच्याही त्या अध्यक्ष होत्या. म्हणजे ज्या माणसाला काही लोक ‘आपल्यातलं नाही’ म्हणतील, त्याच माणसाकडे समाजानं वाडवडलांची हाडं सांभाळायला दिली.

वायकिकीच्या किनाऱ्यावर चार मोठे पाषाण आहेत. कथा अशी, की फार पूर्वी ताहितीहून चार वैद्य आले, चौघेही माहू. त्यांनी लोकांची दुखणी बरी केली. जाण्यापूर्वी लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ चार शिळा आणून ठेवल्या, आणि चौघांनी आपली शक्ती त्यांत ठेवली. त्यांच्या प्रमुखाचं नाव कापाएमाहू. विसाव्या शतकात त्याच शिळांवर बोलिंग खेळण्याची इमारत उभी राहिली. ती पाडल्यावर १९६३ मध्ये त्या पुन्हा सापडल्या. पाटी लागली, वैद्यांची गोष्ट आली, पण ते माहू होते एवढंच गाळलं. दगड जागेवर, एक शब्द गायब. हिनाबाईंनी दोन सहकाऱ्यांबरोबर २०२० साली या कथेवर आठ मिनिटांचा ॲनिमेशनपट केला, आणि २०२३ मध्ये त्या जागी खरी गोष्ट सांगणारी नवी पाटी लागली. ऑडिटच्या भाषेत सांगायचं तर गाळलेली नोंद ही खोट्या नोंदीइतकीच गंभीर असते. ताळेबंद जुळल्यासारखा दिसतो, एवढंच.

आता काही जण म्हणतील, जोशीबुवा किंवा जाधवराव, हे सगळं परदेशी खूळ आहे. पण हवाईचा इतिहास उलटंच सांगतो. तिथे मधला शब्द घरचा होता, लाज बाहेरून आली. आणि आपल्याकडे? ज्ञानेश्वर पुरुष, पण आपण त्यांना माउली म्हणतो. विठोबाची विठाई होते. अर्धनारीनटेश्वरापुढे आपण हात जोडतो. बेचराजीचं बहुचरामातेचं देऊळ गायकवाडांनीच बांधलं, आणि तृतीयपंथी समाज त्या मातेला आपली कुलदेवी मानतो. बालगंधर्वांची साडी नेसण्याची तऱ्हा आपल्या आज्या-पणज्यांनी उचलली. अर्थात ते नाटक, पहाटे रंग उतरला की संपायचं. पण ज्याचा तो रंगच नाही, चेहरा आहे, त्याला आपण काय देतो? देवळात नमस्कार आणि भाड्यानं खोली मागितली तर नकार. त्यामुळे ‘आमच्या परंपरेत सगळं आहे’ असं म्हणून मिरवण्यातही अर्थ नाही. परंपरेत आहे ते व्यवहारात उतरलं पाहिजे.

भाषेचं एक सांगतो. हवाईयन भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द आहे, ‘इआ’. आपल्या मराठीत ‘मी जातो’, ‘मी जाते’ असं सांगितल्याशिवाय माणूस घराबाहेरही पडू शकत नाही. आमच्या नात्यात एक लेकरू आहे, आता चोविशीचं. लेकरू हे मी मुद्दाम म्हणतो. नोंद मुलगा म्हणून आहे. बारावीनंतर त्यानं घरात मराठी बोलणं जवळजवळ सोडलं, सगळं गुजरातीत. सणावाराला आलेले मोठे लोक रागावायचे, ‘मराठी विसरलास का?’ विसरलं नव्हतं. ‘हुं जाउं छुं’ म्हणताना आपण कोण ते सांगावं लागत नाही. भूतकाळात गुजरातीतही सुटका नाही, पण निदान निम्मी वाक्यं तरी सुखानं बोलता येतात. ज्या मराठीसाठी आपण मंडळं काढली, वाचनालयं चालवली, ती आपल्याच लेकराला जड झाली, हे मला फार लागतं. आणि आता त्याच्या घरून कुलवृत्तांताचा फॉर्म भरून आला आहे, त्यात ते नावच नाही.

आईबापांची काळजी खोटी नाही. लग्नाचं काय, नोकरीचं काय, लोक काय म्हणतील, म्हातारपणी कोण बघेल. आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल अजून पुरतं कळलं नसेल हेही शक्य आहे. त्याला वेळ द्यावा, शिक्का मारायची घाई कुणीच करू नये, इकडचाही नको आणि तिकडचाही नको. पण नाव गाळणं म्हणजे वेळ देणं नव्हे. ते खातं बंद करणं झालं.

सरकारी कागदांनीसुद्धा एवढं केलं आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना फॉर्ममध्ये तिसऱ्या लिंगाची नोंद ठेवायला सांगितलं. मी त्याआधी निवृत्त झालो होतो. माझ्या नोकरीत दोनच चौकटी होत्या. बँकेसारखी कागदाला चिकटलेली जागा बदलू शकते, तर आपलं घराणं का नाही?

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे, आणि ती मी संपादक मंडळालाही लेखी कळवली आहे. ‘मुलगे’ आणि ‘मुली’ हे रकाने काढून एकच रकाना ठेवावा, ‘अपत्ये’. आपल्या मराठीत हा शब्द आहे, जुना आहे, सरकारी कागदावर चालतो, आणि तो ना तो आहे ना ती. त्याखाली ज्याला ज्या नावानं हाक मारलेली आवडते ते नाव लिहावं. मुलींची रेघ विवाहापाशी तोडू नये. परजातीत, परभाषेत लग्न झालेल्यांची मुलंही पूर्ण लिहावीत, टक्के न काढता. नवा कागद लागत नाही की जास्त छपाईखर्च येत नाही.

ज्यांचे फॉर्म अजून जायचे आहेत त्यांनी एकदा घरातली माणसं मोजून पाहावीत आणि मग फॉर्मवरची नावं मोजावीत. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.