हॅचरीतला डेटा: बारामती-इंदापूरच्या मुलांना यात काम आहे का?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याप्रमाणे मत्स्यपालकालाही सवलतीच्या दरात वीज, किसान क्रेडिट कार्ड, स्वस्त कर्ज आणि विमा मिळावा, हा त्यामागचा हेतू. उजनीच्या काठावर, भिगवण आणि इंदापूरच्या मासळी बाजारात या निर्णयाची चर्चा होणं साहजिक आहे. पण घरात बारावी सायन्स किंवा बीसीए झालेला मुलगा-मुलगी असेल, तर याची आणखी एक बाजू पाहायला हवी.

बँक कर्ज देताना आणि विमा कंपनी भरपाई देताना एकच विचारते: तळ्यात मासे किती होते? तोंडी उत्तर तिथे चालत नाही, नोंद लागते. केंद्र सरकारनेही सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्म सुरू केला. मच्छीमार, मत्स्यपालक आणि व्यापाऱ्यांनी त्यावर नोंदणी करायची आणि कर्ज-विम्याची वाट तिथूनच जाणार. म्हणजे माशाबरोबर आता हिशेबही सांभाळावा लागेल.

धरणातले मासे कुणी मोजू शकत नाही. मोजता येतं ते हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात. रोहू, कटला, मृगळ यांच्या नर-माद्यांना इंजेक्शन देऊन गोल टाकीत अंडी घेतात. पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर साधारण १४ ते १८ तासांत अंडी फुटतात. मग मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली असा प्रवास. जिऱ्यापासून बीज होईपर्यंत बरीच मर होते. ३० ते ४० टक्के जगले तरी ठीक मानतात. समजा, १० लाख जिरे सोडले. ३० टक्के जगले तर ३ लाख, ४० टक्के जगले तर ४ लाख. हा एक लाखाचा फरक का पडला, ते कळायला रोजचं तापमान, पाण्यातला ऑक्सिजन, सामू, खाद्य आणि मर लिहिलेली हवी. वही भिजली, काम करणारा माणूस सोडून गेला, की सगळं पुन्हा अंदाजावर.

दुसरी नोंद नर-माद्यांची. वर्षानुवर्षं एकाच कुळातले मासे एकमेकांशी जुळवले तर पुढची पिढी खुरटते. बीज विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला हे आठ-दहा महिन्यांनी कळतं, तोवर खाद्याचे पैसे गेलेले असतात. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने 'जयंती रोहू' हे जलद वाढणारं वाण तयार केलं, ते माशांच्या अंगात चिप बसवून, प्रत्येकाच्या कुळाची नोंद ठेवूनच.

आता मुख्य प्रश्न: याला पगार कोण देणार? खरं सांगायचं तर, छोट्या हॅचरीला पूर्णवेळ कॉम्प्युटरवाला परवडत नाही. बारामतीत उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग झाला, त्यामागे कृषी विकास ट्रस्टसारखी मोठी संस्था उभी होती आणि ऊस शेवटी कारखान्यावर एकत्र येतो. मासळीचा धंदा विखुरलेला. म्हणून नुसतं 'सॉफ्टवेअर येतं' एवढ्यावर इथे काम मिळणार नाही. काम मिळेल ते टाकीत हात घालणाऱ्याला, ज्याला ऑक्सिजन मीटर लावता येतो आणि त्याचा आकडा वाचून पाणी बदलायचं की नाही हे ठरवताही येतं. किंवा चार-पाच केंद्रांचं काम एकत्र घेणाऱ्याला: नोंदी, पोर्टलवरचे अर्ज, बँकेची कागदपत्रं, सगळं मिळून.

शिक्षणाच्या वाटा आहेत. रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरला मत्स्यविज्ञानाची पदवी चार वर्षांची आहे. पुढचं शिक्षण मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे माशांवरही संशोधन होतं; शेजारीच कृषी विज्ञान केंद्र. तिथे जाऊन चौकशी करायला पैसे लागत नाहीत. फीसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचीही विचारपूस करावी.

मुलींच्या पालकांनी एक लक्षात घ्यावं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान, तर महिलांना ६० टक्के. अल्पसंख्याकांसाठी वेगळा टक्का नाही, पण महिला म्हणून आपल्या मुलीही त्यात बसतात. मात्र नुसतं नाव तिचं आणि कारभार दुसऱ्याचा, असं करू नका. नोंदी तिच्या हातात असतील तर धंदाही तिच्या हातात राहतो.

सावध राहा ते 'तीन महिन्यांत डिप्लोमा, हमखास नोकरी' म्हणणाऱ्यांपासून. फी भरण्याआधी विचारा: आधीच्या बॅचची मुलं कुठल्या हॅचरीत आहेत? नाव आणि गाव सांगता येत नसेल तर पैसे भरू नका. त्यापेक्षा येत्या पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट हा बीजोत्पादनाचा हंगाम, मुलाला ओळखीच्या केंद्रावर कामाला पाठवा. मोबाईलवरच्या साध्या एक्सेल शीटमध्ये त्याने रोजच्या नोंदी ठेवाव्यात. तीन महिन्यांनी हॅचरीवाला त्या नोंदी मागून घेऊ लागला, तर समजा काम आहे. आणि त्याला स्वतःला पाण्याचा, वासाचा कंटाळा आला, तर तेही चार वर्षांची फी भरण्याआधीच कळेल.