पुढारी नको, तं मग कोण पायजे?



19 जुलै 2007 ला राष्ट्रपतीची निवडणूक झाली. प्रतिभाताई पाटील आणि भैरोसिंह शेखावत उभे होते, दोघंही जुने पुढारी. तेव्हा कन्हानच्या बाजारात जिकडं तिकडं एकच बोलणं चालू होतं: पुढारी या खुर्चीच्या लायकीचे नाहीत, कलाम साहेबच पुन्हा पायजे होते. आपल्या गावांतही बरेच जण असंच म्हणत होते.

राग खरा आहे. मत मागताना पट्टा देतो म्हणणारा माणूस, आपल्याला शेतातून हाकलतात तेव्हा दिसत नाही. पण पुढारी नसला की झालं, हे आम्हाला पटत नाही. कलाम साहेबांनी डिसेंबर 2006 मध्ये वनहक्क कायद्यावर सही केली, त्याबद्दल त्यांचे उपकारच. पण 2005 मध्ये बिहारची विधानसभा बरखास्त करण्याच्या आदेशावरही त्यांचीच सही होती. तो आदेश पुढं सुप्रीम कोर्टानं घटनाबाह्य ठरवला. उलट नारायणन साहेब लोकसभेत निवडून आलेले, मंत्री राहिलेले. आदिवासींना उजाडून देश उभा करू नका, असं 2001 च्या प्रजासत्ताक दिनाच्या भाषणात त्यांनीच बजावलं होतं.

राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं सही करतो, हेही खरं. तरी त्या सहीत आपलं बरंच अडकलं आहे. कोणता मुलूख पाचव्या अनुसूचीत घ्यायचा, ते राष्ट्रपतीच्या आदेशानं ठरतं. महाराष्ट्रासाठी तो आदेश 1985 मध्ये निघाला. त्यात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आहेत. नागपूर जिल्हा नाही. म्हणून पारशिवनी-रामटेककडच्या आपल्या गोंड गावांना 1996 चा पेसा कायदा लागू नाही. आपण काय कमी आदिवासी आहो?

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही. आमदार-खासदार मत देतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताची किंमत 175, तीही 1971 च्या लोकसंख्येवरून काढलेली. (हे लिहिणारे आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो!) पण त्या आमदाराला निवडून आपणच देतो. म्हणून त्याला गाठा आणि एकच गोष्ट विचारा.  नागपूर जिल्ह्यातली आदिवासी गावं अनुसूचित क्षेत्रात घ्यावी, हे तुम्ही दिल्लीपर्यंत कधी नेणार?

तोंडी विचारू नका. ग्रामसभेचा ठराव करा, सह्या-अंगठे घ्या, एक प्रत आमदाराला द्या आणि दुसरीवर पोच घेऊन ती गावात सांभाळून ठेवा.