मुलुखमैदान तोफ परांड्याहून कशी आली?

सोलापूरहून विजापूरला सहल गेली की शेरझा बुरुजावर मुलुखमैदान तोफेसमोर फोटो होतोच. हल्ली तो स्टेटसला लागतो, खाली एखादी जोशपूर्ण ओळ. दुसऱ्या बाजूचे तरुण त्याला त्यांच्या ओळीने उत्तर देतात. ही तोफ कुणी ओतली, कुठून आली, कुणी आणली, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

ओतणाऱ्याचे नाव तोफेवरच कोरलेले आहे : मुहम्मद बिन हुसेन रूमी, हिजरी ९५६, म्हणजे इ.स. १५४९. त्याने ती आदिलशहासाठी ओतलीच नव्हती. ती अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाची. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला आणली गेली. आणणारा सरदार मुरार जगदेव. ओतणारा रूमी, मालक निजामशाही, ओढून नेणारा ब्राह्मण सरदार. स्टेटसच्या एका ओळीत हे मावत नाही, म्हणून कुणी घालत नसावे.

‘रूमी’ शब्दापाशी थोडे थांबू. कुरआनात सूरह रूम आहे. त्यातले रूम म्हणजे बायझंटाइन साम्राज्य, रोमन साम्राज्याचा पूर्वेकडे टिकून राहिलेला भाग. १०७१ मध्ये मांझिकर्टला सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने या साम्राज्याचा बादशहा रोमानोस चौथा याला हरवले. त्यानंतर तुर्क अनातोलियात पसरले, पण मुलखाचे नाव रूमच राहिले. तिथून येणारा तो रूमी. दख्खनच्या दरबारात हे नाव तोफखान्याशी जोडले गेले ते असे.

याच मांझिकर्टवर बर्मिंगहॅम विद्यापीठात एक मोठे सामूहिक संशोधन झाले. बायझंटाइन इतिहासाचे अभ्यासक जॉन हाल्डन, पुरातत्त्वज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ एकत्र बसले. लढाई कुणी जिंकली हा त्यांचा प्रश्नच नव्हता. हजारोंचे सैन्य अनातोलिया ओलांडून गेले कसे, रोज किती धान्य लागले, घोड्यांना चारा-पाणी कुठे मिळाले, पहिली तुकडी मुक्कामाला पोचते तेव्हा शेवटची कुठे असते, हे त्यांना हवे होते. त्यासाठी त्यांनी सैनिक आणि जनावरे संगणकात उभी करून चालवून पाहिली. एकट्या इतिहासकाराला हे जमले नसते, एकट्या संगणकवाल्यालाही नाही.

आता हाच प्रश्न परांड्याला लावा. परांडा ते विजापूर सरळ रेषेतही दीडशे किलोमीटरहून जास्त भरते. ५५ टनांच्या आसपास वजन. चारशे बैल आणि दहा हत्ती लावले होते असे सांगितले जाते. मग रोज किती कडबा? कोणत्या महिन्यात? आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात रिकामी बैलगाडीसुद्धा रुतते. भीमा कुठे ओलांडली, उतारावर की तराफ्यावर? याचे उत्तर फारसी तवारीख एकटी देणार नाही. त्याला नदीचे पात्र ओळखणारा लागेल, जुन्या वाटा माहीत असलेला शेतकरी लागेल, धातू आणि वजनाचे गणित जाणणारा अभियंता लागेल.

औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला होती. चार वर्षे! एवढ्या लोकांना आणि जनावरांना कुणी पोसले? जिल्ह्याच्या शेतीवर काय गुजरले? माझ्या मते हा प्रश्न बादशहा चांगला की वाईट यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

असे मिळून काम करणे आपल्याला नवीन नाही. हारून खान शेरवानी आणि पु. म. जोशी यांनी मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासाचे दोन खंड एकत्र संपादित केले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड काढले. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणली. अलीकडे रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर या दोघांनी कल्याणी, रायचूर, वरंगळ इथल्या किल्ल्यांवर मिळून पुस्तक लिहिले. एकाची वाट फारसीची, दुसऱ्याची तेलुगू-संस्कृतची.

यात एक गोष्ट बोचते. खरे आणि पगडी फारसी शिकले. आपण काय शिकलो? आदिलशाहीचा अभिमान आपल्याला, पण फर्मानाची एक ओळ सलग वाचणारा तरुण वस्तीत शोधावा लागतो. उर्दू येते म्हणून फारसी येत नाही, आणि मोडीकडे तर आपण ‘त्यांची लिपी’ म्हणून पाहतो. खरे तर आदिलशाहीच्या महसुली कारभारात मराठी होती. फारसी मजकूर आणि मोडी मजकूर एकाच कागदावर असलेले दस्तऐवज आहेत. असा एक कागद वाचायलाही बहुधा दोन माणसे लागतात. शहाजीराजे १६३६ नंतर ज्या फौजेत होते तिचा इतिहास एका लिपीत कसा मावेल?

इतिहास आपल्याला वगळून लिहिला जातो ही तक्रार खोटी नाही. पण कागदही आपणच दाबून ठेवले आहेत. दर्ग्यांच्या, काझींच्या, मुजावरांच्या घरांत जुन्या सनदा पेट्यांत पडून आहेत. जमिनीचा वाद होईल या भीतीने त्या कुणाला दाखवत नाहीत. भीती समजते. पण वाळवीला वाद कळत नाही. दरम्यान चारा, पाणी, इनाम, शिबंदी यांच्या ज्या नोंदी फौजेच्या अभ्यासाला हव्यात, त्या याच कागदांत असू शकतात.

ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते लॅमिनेट मात्र करू नये. प्लॅस्टिकमध्ये गेलेला कागद परत मोकळा करता येत नाही. सुती कापडात ठेवा, उजेडात नेऊन फोटो काढा, आणि पाठीमागची बाजू सोडू नका. मोडीतला शेरा बहुतेक वेळा तिथेच असतो.