'सुटली' म्हणू नका!

'बाई सुखरूप सुटली' म्हणत आपण पेढे वाटतो. गरोदरपणी तिचा रक्तदाब १४०/९०च्या वर गेला होता, लघवीतून प्रथिन जात होते, हे बारशापर्यंत सारे विसरतात. या विस्मरणाला आमचा विरोध आहे. आम्ही डॉक्टरही निर्दोष नाही. रक्तदाब उतरला की आम्ही तिची नोंद मिटवतो.

या विकारास प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. नॉर्वेतील नोंदींवर आधारलेल्या २००८ सालच्या अभ्यासात, पहिल्या गरोदरपणी तो झालेल्या स्त्रियांत पुढे मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण इतरांच्या चौपटीहून अधिक आढळले. धोका एकंदरीत थोडा, म्हणून भय नको. परंतु मूत्रपिंड झिजताना दुखत नाही, म्हणून गाफीलपणाही नको. दरवर्षी रक्तदाब, लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी जुना विकार आपणच सांगावा.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात कामगार मातांसाठी प्रसूती-लाभ विधेयकाचा पुरस्कार केला. त्यांचे नाव सांगणाऱ्या आपण, परदेशी सुस्थितीत राहून, घरच्या मातेची वर्षाकाठी एक तपासणीही करवून घेऊ नये काय?